मांडणीवरच्या सत्तावीस ताटल्या

नलूबाई शाळेत शिकली ती तीन वर्षं, आणि शाळेत राबली ती बावीस वर्षं. तीन वर्षं हातात पाटी होती, बावीस वर्षं खिचडी ढवळायचा सराटा. पाटीवरचं बरंचसं पुसलं गेलं, सराट्यानं मात्र हाताला घट्टे पाडले ते पाडलेच.

पुलगावहून नाचणगाव मागं टाकून पुढं निघालं की डांबर जिथं संपतं, त्या गावची ही जिल्हा परिषदेची शाळा. चौथीपर्यंतची. दोन खोल्या, एक वऱ्हांडा, एक हातपंप, आणि मागच्या अंगाला टिनाचं सैपाकघर. त्या सैपाकघरात नलूबाई आणि जिजाबाई, दोघी मिळून पोरांची खिचडी शिजवत. गावात कुणी विचारलं, "नलूबाई कुठिसा हाय वो?" तर उत्तर ठरलेलं, "जिजाबाई असंल तथी पाहा."

सुरुवातीला असं नव्हतं. नलूबाई वरच्या आळीतली, कुणब्याच्या घरची सून. जिजाबाई खालच्या वस्तीतली, बौद्ध घरची. पहिल्यांदा शाळेत चूल पेटली तेव्हा पटावर चौऱ्याऐंशी पोरं होती. जिजाबाईनं गंजभर खिचडी शिजवली, असा वास सुटला की हातपंपावरच्या बायका घागर भरल्यावरही तिथंच घोटाळत राहिल्या. पण वाढायची वेळ झाली आणि वरच्या आळीच्या पोरांनी ताटल्या पालथ्या घातल्या. घरून ताकीद होती. जिजाबाई डाव हातात धरून उभी राहिली. ना पुढं जाता येई, ना मागं.

नलूबाईनं एक ताटली उचलली आणि पोरांच्या रांगेत फतकल मारून बसली.

"वाढ वं जिजे. मले भूक लागून राह्यली."

एकदा खाल्ली, पुन्हा मागून खाल्ली. मग बोटं चाटत शेजारच्या पोट्ट्याला म्हणाली, "तू नको खाऊ बाप्पा. मलेच उरू दे."

त्या पोट्ट्यानं ताटली सुलटी केली. मग त्याच्या शेजारच्यानं. भुकेला कुठली आळी? पोरांचं प्रकरण दहा मिनिटांत मिटलं, मोठ्यांचं मिटायला दोन वर्षं लागली. नलूबाईच्या सासूनं तिला महिनाभर अंगावर पाणी घेतल्याशिवाय चुलीजवळ येऊ दिलं नाही. नलूबाई म्हणे, "उकाडा होता, बरंच झालं."

त्या दिवसापासून दोघी एकमेकींना 'नले' आणि 'जिजे' झाल्या. जिजाबाई खिचडी करी. फोडणी तिची, मीठ तिचं, पाण्याचा अंदाज तिचा. नलूबाई चिरणं, निवडणं, वाढणं आणि पोट्ट्यांना दटावणं करी. शिव्या दोघीही देत, पण जिजाबाईच्या जास्त रंगीत.

मग एक दिवस गावात पिवळी व्हॅन आली.

पुलगावच्या कॉन्व्हेंटची व्हॅन. पहिल्या वर्षी वरच्या आळीतली चार पोरं तिच्यात बसली, गळ्यात टाय, पायात बूट. दुसऱ्या वर्षी अकरा. ज्यांनी कधीकाळी जिजाबाईच्या हातचं नको म्हणून ताटल्या पालथ्या घालायला लावल्या, त्यांना आता शाळाच नको झाली. कारण नवं होतं, इंग्रजी. ज्याचं शेत पाच एकर त्याचं पोरगं कॉन्व्हेंटात, ज्याचं दोन एकर त्याचंही, मग ज्याचं काहीच नाही त्याचंही, चुलत्याला पाहून. चौऱ्याऐंशीचे साठ झाले, साठाचे चाळीस. सैपाकघरातला मोठा गंज पालथा पडला आणि मधला चुलीवर आला.

अलीकडे शाळेत राहिली ती खालच्या वस्तीची पोरं, टेकाडाजवळच्या गोंडांची चार, आणि एका सालदाराची दोन. वरच्या आळीची एकच पोरगी उरली. नलूबाईची नात, ईश्वरी.

गेल्या वर्षीच वानखडे सरांनी दोघींना बसवून सांगितलं होतं. "मावशी, नियम असा आहे. पट पंचवीसपर्यंत असला की एकच बाई. सव्वीस झाले की दोन. तेव्हा पोरं सांभाळा."

"म्हंजे पंचवीस पोट्ट्यांचा सैपाक एकटीनं उतरवाचा?" जिजाबाई म्हणाली. "गंज हाये का टिफिन?"

सर हसले. त्यांच्या हातात तरी काय होतं?

तेव्हापासून नलूबाईला मोजायची खोड लागली. वऱ्हांड्यातल्या फळ्यावर पट लिहिलेला असे, पण तो मागल्या सालचाच. सरांना एक खोली शिकवून दुसरीत पळावं लागे, फळा कोण बदलणार? नलूबाईचा भरवसा मांडणीवर. प्रत्येक पोराची ताटली घरून आणलेली, ती वर्षभर सैपाकघराच्या जाळीच्या मांडणीवर उभी राही. ताटलीवर नाव कोरलेलं. कुणाच्या आजीचं, कुणाच्या मामाचं, लग्नात ज्यानं अहेर केला असेल त्याचं. पोरगं शाळा सोडून गेलं की ताटली घरी जाई. नवं आलं की नवी ताटली येई. याहून पक्कं रजिस्टर कुठलं? पोरगं दांडी मारेल, ताटली मारत नाही.

यंदा जूनच्या अखेरीला, शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता, अंकुशनं आईपुढं विषय काढला. अंकुश म्हणजे नलूबाईचा एकुलता एक लेक. त्याची बायको छाया दाराआड उभी. म्हणजे विषय तिचा, तोंड त्याचं.

"आई, ईश्वरीले यंदा कॉन्व्हेंटात टाकाचं म्हनतो."

"काऊन? इथं काय कमी हाये?"

"कमी काई नाई. पन आळीतलं एक लेकरू नाई तिच्या वर्गात. व्हॅन निघते तवा दारात उभी राह्यते अन पाह्यत बसते."

छाया दाराआडून म्हणाली, "परवा लग्नात माह्या मोठ्या चुलत जावेनं चारचौघीत विचारलं, 'तुमची अजून खिचडीच्याच शाळेत हाये काय वो?' आता काय सांगू?"

'खिचडीची शाळा' हे नलूबाईच्या वर्मी लागलं. पण जावेपेक्षा जास्त लागलं ते पोरीचं दारात उभं राहणं. तिला स्वतःला तिसरीतून काढलं, तेव्हा तीही अशीच दारात उभी राहिली होती. धाकटा भाऊ दप्तर घेऊन जायचा आणि ती पाहायची.

अंकुश म्हणाला, "तू नाई म्हनशीन त नाई पाठवत. शाळा तुयी हाये, तुयाच शबुद."

आता सगळं तिच्या एका शब्दावर आलं. नलूबाईनं तो लगेच दिला नाही. दुसऱ्या दिवशी पोरं जेवून गेल्यावर ती मांडणीपुढं उभी राहिली आणि ताटल्या मोजल्या. सत्तावीस. बोट लावून पुन्हा मोजल्या. सत्तावीसच. ईश्वरीची गेली तर सव्वीस. जिजीला धक्का नाही.

घरी जाऊन म्हणाली, "पाठवा."

जिजाबाईला तिनं स्वतः सांगितलं. दोघी डाळ निवडत होत्या.

"जिजे, ईश्वरीले कॉन्व्हेंटात टाकून राह्यले वं आमचे."

जिजाबाईचं बोट डाळीत थांबलं. मग एक खडा उचलून तिनं बाहेर भिरकावला.

"कवापासून?"

"सोमवारपासून. दाखला मांगाचा हाये."

"टाक. पोरगी हुशार हाये." आणि मग, "डाळ पाह्य. माह्या तोंडाकडं काय पाहून राह्यली?"

सोमवारी ईश्वरी टाय घालून व्हॅनमध्ये बसली. शाळेवरून व्हॅन गेली तेव्हा तिनं खिडकीतून हात हलवला, आणि दोघी आज्यांनी सराट्यासकट हलवला.

सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशीचा पट सरकार धरतं. तो वर जातो, आणि वरून कागद खाली येतो. कागद ऑक्टोबरात आला. सरांनी दोघींना वऱ्हांड्यात बसवलं आणि स्वतः उभे राहिले.

"मावशी, पट पंचवीस धरला आहे."

"पंचवीस?" नलूबाई हसलीच. "सर, चुकले तुमी. सव्वीस हायेत. ताटल्या मोजा."

सरांनी रजिस्टर उघडलं आणि नाव नाव वाचलं. मुलगे अकरा, मुली चौदा. खालच्या वस्तीची एकोणीस, गोंडांची चार, सालदाराची दोन. कुणब्या-तेल्यांच्या रकान्यात जूनपर्यंत एक होता. आता शून्य.

"अन मेघा?" नलूबाई म्हणाली. "अंकितची बहीन. ते राह्यली न."

"मेघा पटावर नाही, मावशी. तिचा जन्म जानेवारीचा. पंधरा दिवसांनी वय कमी पडलं. तिची आई शेतात जाते, म्हणून भावाबरोबर येऊन बसते. पुढच्या जूनमध्ये नाव लागेल."

मेघा. दोन वर्षांपासून अंकितचा शर्ट धरून येणारी, यंदा पहिलीच्या रांगेत बसून सगळ्यांत मोठ्यानं बाराखडी म्हणणारी. नलूबाई धरूनच चालली होती की हिचं नाव लागलं. का नाही धरणार? मांडणीवर तिची ताटली होती. आणि ती ताटली जिजाबाईनंच स्वतःच्या घरून आणून ठेवली होती, पोरगी भावाच्या ताटात उष्टं खाते म्हणून. ताटलीवर जिजाबाईच्या मेलेल्या नवऱ्याचं नाव होतं, लहानू.

नलूबाई म्हणाली, "मंग जूनमंधी मेघा आली की सव्वीस होतीन न? तवापर्यंत थांबा म्हना त्याइले."

"जूनमध्ये चौथीतले सहा जातात. गावात पहिलीला येणारे मेघा धरून तीन."

एवढं गणित तिसरीपर्यंतचं. नलूबाईला ते आलं.

"मंग मले काढा," ती म्हणाली. "जिजीले ठेवा. सैपाक तेच करते."

सरांनी कागद चाळला. बोलणं त्यांच्याही जिवावर आलं होतं. "तसं होत नाही. पद मदतनीसाचं कमी झालं आहे. कागदावर तुम्ही स्वयंपाकी आहात आणि जिजामावशी मदतनीस. तुम्ही सोडलं तरी जागा नव्यानं भरावी लागेल, आणि त्यांचं वय आता त्यात बसत नाही. त्या येणार नाहीत, तुम्हीही जाल."

जिजाबाईनं मान वर केली. "मी मदतनीस?"

"कागदावर, मावशी. पहिल्यापासून."

जिजाबाई उठली. सैपाकघरात गेली, चुलीवरची खिचडी उतरवली, पोरांना वाढली. कुणाला जास्त, कुणाला कमी, जसं रोज. मग हात धुतले, पदराला पुसले आणि गेली. मागं एकदाही वळून पाहिलं नाही. पोरं "जिजाआजी, टाटा" म्हणून ओरडली तेव्हा तिनं न वळता हात वर केला.

रविवारी दुपारी नलूबाई खालच्या वस्तीत गेली. जिजाबाई ओसरीवर बसून फडकं शिवत होती, कापूस वेचताना कमरेला बांधायचं. साठीच्या पुढची बाई; बावीस वर्षांनी पुन्हा वेचणीला निघाली होती.

नलूबाई बसली. बरंच काही ठरवून आली होती, तोंडातून भलतंच निघालं.

"जिजे, म्या ताटल्या मोजल्या होत्या."

"कोनत्या?"

"जूनमंधी. पोरीले पाठवाच्या आंधी. सत्तावीस भरल्या. दोन खेप मोजल्या वं, बोट लावून. मेघाची त्यात हाये हे ध्यानातच नाई आलं."

जिजाबाईनं सुईत दोरा ओवला. "म्हंजे आमच्या बुढ्यानं मेल्यावर शाळेत नाव घातलं. जित्तेपनी त कवा पायरी चढला नाई."

नलूबाईला हसू आलं आणि त्याच्याच मागून रडू आलं. पदरात तोंड घालून ती हमसली. जिजाबाई शिवत राहिली.

मग नलूबाईला एकदम काहीतरी उमगलं. तिनं तोंडावरचा पदर काढला. "तुले ठाऊक होतं? मेघाचं नाव नाई लागलं म्हनून?"

"व्हय. तिच्या मायसंगं सराकडं मीच गेलती."

"मंग मले काऊन नाई सांगतलं? डाळ निवडतानी सांगतलं त होतं मी तुले. तू एक शबुद काढला असता त पोरीले नसतं पाठवलं मी."

"म्हनूनच नाई काढला."

ओसरीवर कोंबडी आली, दाणा शोधून गेली.

"शिकाले जानाऱ्या लेकराच्या आडवं जावाचं नाई," जिजाबाई म्हणाली. "आमच्या घरात हे कोनी नाई केलं. म्या माह्या चुलीसाठी तुया नातीले अडवू काय?"

"शिव्या दे मले."

"देल्ल्या असत्या. पन बावीस वर्सांत सप्पा देऊन झाल्या."

इतकंच असतं तर नलूबाई रडून, चहा पिऊन, हलकी होऊन घरी गेली असती. पण जिजाबाईनं सुई फडक्यात खोचली आणि पहिल्यांदा तिच्याकडं सरळ पाहिलं.

"एक विचारू? थो मदतनीसाचा कागद. तुले ठाऊक होता?"

नलूबाईला सगळं आठवलं. बावीस वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ. पोरांनी खिचडी खाल्ली, पण वरची आळी पेटली होती. तेव्हाचे शाळा समितीचे अध्यक्ष बबनराव नलूबाईला बाजूला घेऊन म्हणाले होते, "कागदावर सैपाकीन तू, थे मदतनीस. लोकाइले दाखवाले. आत सैपाक कोन करते, कोन पाह्यते?" जिजाबाईला सही येत होती, वाचता येत नव्हतं. तिनं दाखवलं तिथं सही केली. नलूबाई तिसरी शिकलेली. तिनं वाचून केली. तिला वाटलं होतं, कागद काय, कपाटात पडून राहील. गाव थंड होईल, जिजीचं काम टिकेल. पुढं गाव थंड झालं. मग कागदाची आठवण कुणाला राहते? सांगायला लाज वाटत गेली, आणि लाजेला वर्षं चढत गेली.

"जिजे, तवा..."

"ठाऊक होता का नाई, एवढं सांग."

नलूबाईला नाही म्हणता आलं नाही. हो म्हणायला तोंड उघडेना. तिनं खाली पाहिलं.

जिजाबाईनं दोरा दातानं तोडला. "पट कमी झाला थे कोनाचं पाप नाई. पोरं जातेत, शाळा वाट पाह्यते, चालते. पन सारी जिंदगी मीठ म्या टाकलं, अन मी मदतनीस." एवढं बोलून ती फडकं घेऊन आत गेली. चहाचं आधण ठेवल्याचा आवाज येईल म्हणून नलूबाई वाट पाहत बसली. आवाज आला नाही. ऊन ओसरीवरून उतरलं, तेव्हा ती उठली.

आता शाळेत एकटी नलूबाई. पंचवीस पोरांची खिचडी, वर मेघा. मीठ कधी कमी पडतं, कधी जास्त. पोरं तोंड वाकडं करतात, पण बोलत नाहीत, पोरांना कळतं. अंकितनं एकदाच विचारलं, "जिजाआजी बिमार हाये काय?" नलूबाई म्हणाली, "नाई बाप्पा, तिले बढती भेटली." आणि धुरात डोळे चोळत बसली.

वेचणीच्या बायकांचा घोळका सकाळी शाळेवरूनच जातो. त्यात जिजाबाई नसते. ती नहराच्या कडेनं लांबचा फेरा घेऊन शेतात जाते, हे नलूबाईला दुसऱ्याच कुणी सांगितलं.

एका सकाळी तिनं डाळतांदूळ चुलीवर चढवले आणि तशीच नहराकडं निघाली. वाट ओली होती, कडेला तुरी फुलावर आल्या होत्या. जिजाबाई समोरून आली. कमरेला फडकं, डोक्याला रुमाल. नलूबाई वाटेच्या मधोमध उभी राहिली. काय म्हणायचं ते रात्रभर घोकलं होतं, पण समोर माणूस आलं की घोकलेलं कुठं राहतं? वाचून सही केली, हे सांगायचं होतं. भीतीपायी केली, हेही. तुझं काम टिकावं म्हणून, हे तर नक्की सांगायचं होतं. पण ते खरं असूनही आता तोंडात खोटं वाटत होतं.

"चुकलं वं माह्यं," एवढंच निघालं.

जिजाबाई थांबली. रागात नव्हती. असती तर बरं झालं असतं. थकलेली होती, आणि दिवस आता सुरू व्हायचा होता.

"चुलीवर काय हाये?"

"खिचडी."

"मंग इथं काय करून राह्यल्या, नलूबाई? करपन न थे. जा. पोट्टे उपाशी राहतीन."

बावीस वर्षांत जिजाबाईनं तिला अहोजाहो केलं नव्हतं. नलूबाई बाजूला सरली. जिजाबाई तिच्या शेजारून गेली, इतक्या जवळून की फडकं तिच्या हाताला लागलं, आणि कपाशीत शिरली.

नलूबाई परत आली तेव्हा टिनाच्या खोलीतून धूर निघत होता. खिचडी बुडाला लागली होती. तिनं वरवरची काढून पोरांना वाढली. पोरांनी निमूट खाल्ली, आणि चौथीतल्या एका पोरीनं "बरी झाली, आजी" असंही म्हटलं. मग पोरं वर्गात गेली. नलूबाई हातपंपाशी गंज घेऊन बसली आणि दुपारची सुट्टी सरून पाढ्यांचा आवाज सुरू झाला तरी बुडाचं काळं खरडतच राहिली.